वेगांची बेरीज आणि ज्याचा त्याचा काळ

वेगांची बेरीज ही व्यवहारात इतकी रुळलेली गोष्ट आहे की तिच्यामागे काही गृहीतक दडलेले असेल, अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीत प्रवाहाच्या दिशेने पोहणारा माणूस काठावरून पाहणाऱ्याला अधिक वेगाने जाताना दिसतो आणि त्याचा वेग विचारला, तर पोहण्याच्या वेगात पाण्याचा वेग मिळवून उत्तर दिले जाते. याच जिल्ह्यातल्या परळीला निजामाच्या काळापासून रेल्वे होती. बीड शहराला मात्र तिची वाट कित्येक दशके पाहावी लागली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड-अहिल्यानगर रेल्वेसेवा सुरू झाली. या गाडीच्या डब्यात इंजिनाच्या दिशेने चालणाऱ्या प्रवाशाचा जमिनीच्या संदर्भातला वेग किती, या प्रश्नाचे उत्तरही शाळकरी मुले तशीच बेरीज करून देतात. या बेरजेत चूक आहे. ती इतकी सूक्ष्म आहे की कोणत्याही रेल्वेच्या वेळापत्रकाला तिची कधी बाधा होणार नाही. परंतु ती का होते याचा शोध घेताना काळ या कल्पनेचीच फेरमांडणी करावी लागली, आणि त्या फेरमांडणीची खूण बीडच्या मोंढ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या तळहातावर दर सेकंदाला उमटत असते.

अडचण प्रथम प्रकाशामुळे उभी राहिली. निर्वातात प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर, म्हणजे व्यवहारापुरता ३ लाख किलोमीटर आहे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते; त्यामुळे तिच्या गतीच्या दिशेने आणि तिच्याशी काटकोनात जाणाऱ्या प्रकाशाच्या वेगांत फरक आढळावा, अशी अपेक्षा होती. अल्बर्ट मायकेलसन आणि एडवर्ड मोर्ले यांनी १८८७ मध्ये प्रकाशाचा एक झोत दुभंगून दोन काटकोनी वाटांनी पाठवला आणि परतलेल्या झोतांची तुलना केली, तेव्हा अपेक्षित फरक आढळलाच नाही. त्याच जातीचे, परंतु ४ किलोमीटर लांबीच्या भुजा असलेले उपकरण आता मराठवाड्यातच, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय तरंगांच्या वेधासाठी उभारले जाणार आहे. प्रकाशाच्या या हट्टाचा अधिक थेट पुरावा १९६४ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत मिळाला. तेथे प्रकाशाच्या ९९.९७५ टक्के वेगाने धावणाऱ्या पायॉन या अल्पायुषी कणांपासून पुढच्या दिशेने निघालेल्या गॅमा किरणांचा वेग मोजण्यात आला. गॅमा किरण हा प्रकाशाचाच एक प्रकार असल्यामुळे नदीतल्या पोहणाऱ्याचा हिशेब इथे लावला, तर तो वेग प्रकाशाच्या वेगाच्या जवळजवळ दुप्पट निघायला हवा होता. प्रत्यक्षात तो ठरलेला ३ लाखांचाच निघाला.

याहून जुना आणि कमी परिचित पुरावा वाहत्या पाण्याचा आहे. पाण्यात प्रकाश निर्वाताच्या सुमारे तीन चतुर्थांश वेगाने जातो. पाणीच वाहते असेल, तर प्रवाहाचा वेग त्यात पूर्णपणे मिळवला जातो का, हे हिप्पोलाइट फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये तपासले. त्याने नळ्यांमधून सेकंदाला सुमारे ७ मीटर वेगाने पाणी सोडले आणि त्यातून प्रकाश पाठवला. पाण्याच्या वेगाचा निम्म्याहूनही कमी, म्हणजे सुमारे ४४ टक्केच भाग प्रकाशाच्या पदरात पडतो, असे त्यातून दिसले. पाणी प्रकाशाला अर्धवट ओढून नेते, असे स्पष्टीकरण त्या काळी दिले गेले आणि त्यासाठी विश्वभर पसरलेल्या ईथर नावाच्या अदृश्य माध्यमाची कल्पनाही वापरली गेली. पुढे १९०७ मध्ये मॅक्स फॉन लाउए याने दाखवले की इथे ओढून नेणे वगैरे काहीच घडत नाही. वेगांची बेरीज करण्याचा योग्य नियम वापरला की तो ४४ टक्क्यांचा आकडा आपोआप हाती येतो. पन्नासहून अधिक वर्षे ज्याला पाण्याचा गुणधर्म मानले गेले, तो प्रत्यक्षात अवकाश आणि काळ यांचा गुणधर्म होता.

हा योग्य नियम अल्बर्ट आइनस्टाइन याने १९०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडलेला आहे. एकसमान वेगाने सरळ जाणाऱ्या सर्व निरीक्षकांसाठी निसर्गाचे नियम सारखेच असतात, हे त्याचे पहिले गृहीतक, आणि प्रकाशाचा वेग त्या सर्वांना सारखाच आढळतो, हे दुसरे. या दोहोंतून जो सिद्धांत उभा राहिला त्याला विशिष्ट सापेक्षता सिद्धांत म्हणतात, आणि ज्या निरीक्षकाच्या मोजपट्ट्या व घड्याळे वापरून मोजमाप केले जाते त्याच्या त्या व्यवस्थेला निर्देशचौकट असे नाव आहे. बेरजेचा नियम शब्दांत सांगायचा तर असा: दोन्ही वेग प्रकाशाच्या वेगाच्या अपूर्णांकात लिहावेत, त्यांची नेहमीसारखी बेरीज करावी, आणि त्या बेरजेला ‘एक अधिक त्या दोन वेगांचा गुणाकार’ या संख्येने भागावे. प्रकाशाच्या निम्म्या वेगाने जाणाऱ्या यानातून पुढच्या दिशेने, यानाच्या संदर्भात तितक्याच वेगाने काही फेकले, तर साधी बेरीज १ येते, भाजक सव्वा येतो आणि उत्तर चार पंचमांश निघते. नऊ दशांश आणि नऊ दशांश यांच्या बेरजेतून सुमारे ०.९९४५ हाती येते. दोहोंपैकी एक वेग प्रकाशाचाच असेल, तर दुसरा कितीही असला तरी उत्तर नेमके १ मिळते, म्हणजे प्रकाशाचा वेग प्रकाशाचाच राहतो. सर्नमधल्या गॅमा किरणांनी नेमके हेच दाखवले होते.

मग गोदावरीकाठचा आणि रेल्वेचा हिशेब इतकी शतके बिनबोभाट कसा चालला? ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीत कोणी ताशी ५ किलोमीटर वेगाने पुढे चालत असेल, तर साध्या बेरजेचे १०५ हे उत्तर खऱ्या उत्तराहून किंचित मोठे असते. त्यामुळे दर सेकंदाला पडणारा फरक मोजायचा झाला, तर एका मीटरचे शंभर लाख कोटी भाग करावे लागतील आणि त्यांतला जेमतेम सव्वा भाग उचलावा लागेल. युरेनियमच्या अणुकेंद्राची रुंदीसुद्धा त्या मापाने साधारण दीड भाग भरते. साध्या बेरजेला चूक म्हणण्यापेक्षा ती मंद जगाची सवय आहे असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल, कारण प्रकाशाच्या तुलनेत मंद असलेल्या साऱ्या गोष्टींसाठी ती निर्दोष चालते.

नियम पाठ करणे सोपे असले, तरी तो भाजक कोठून येतो हे उमगल्याशिवाय मनाचे समाधान होत नाही. त्यासाठी एक काल्पनिक आगगाडी घ्यावी. प्रकाश एका सेकंदात जेवढे अंतर कापतो त्याला प्रकाशसेकंद म्हणतात. ही गाडी तिच्यातील प्रवाशांच्या मापाने ९ प्रकाशसेकंद लांब आहे आणि फलाटाच्या संदर्भात प्रकाशाच्या ०.६ पट वेगाने धावते आहे. गाडीच्या शेपटाकडून, म्हणजे गार्डच्या डब्यापासून, इंजिनापर्यंत एक गोळी सुटते आणि प्रवाशांच्या मापाने तिचाही वेग ०.६ च आहे. प्रवाशांच्या दृष्टीने हिशेब सरळ आहे: ९ प्रकाशसेकंदांचे अंतर ०.६ वेगाने कापायला १५ सेकंद लागतात.

फलाटावरून मात्र तीन गोष्टी वेगळ्या दिसतात. पहिली, धावणारी गाडी तिच्या गतीच्या दिशेने आखूड भरते. या वेगाला तिची लांबी ९ ऐवजी ७.२ प्रकाशसेकंद मोजली जाते. दुसरी, गाडीतली घड्याळे संथ चालतात; फलाटावरचे सव्वा सेकंद होतात तेव्हा गाडीतल्या घड्याळात एकच सेकंद होतो. तिसरी गोष्ट सर्वांत सहज नजरेआड होते आणि सर्वांत मूलगामी आहे. गार्डचे आणि चालकाचे घड्याळ जुळवण्यासाठी प्रवासी गाडीच्या नेमक्या मध्यावर दिवा उजळवतात आणि आपल्यापर्यंत प्रकाश पोचताच दोघांनी आपापले घड्याळ सुरू करावे असे ठरवतात. प्रवाशांच्या मते दोन्ही घड्याळे एकाच क्षणी सुरू झाली. फलाटावरचा निरीक्षक पाहतो की शेपटाचा डबा प्रकाशाला सामोरा येतो आहे आणि इंजिन प्रकाशापासून दूर पळते आहे. त्यामुळे गार्डचे घड्याळ आधी सुरू झाले आणि चालकाचे नंतर. म्हणजेच चालकाचे घड्याळ मागे आहे, आणि या उदाहरणात ते ५.४ सेकंदांनी मागे आहे. दूरच्या दोन घटना ‘एकाच वेळी’ घडल्या हे विधान निर्देशचौकट सांगितल्याशिवाय अपुरे राहते, ही या सिद्धांताची खरी कळ आहे. काळ संथ होतो हे ज्यांनी ऐकलेले असते त्यांनी बहुधा हा भाग ऐकलेला नसतो, आणि सापेक्षतेच्या कूटप्रश्नांतले बहुतेक गोंधळ तेथेच उगम पावतात.

आता फलाटावरचा हिशेब करता येतो. गार्डच्या घड्याळात ० वाजता गोळी सुटली आणि चालकाच्या घड्याळात १५ वाजता पोचली. पण चालकाचे घड्याळ ५.४ ने मागे असल्यामुळे गाडीच्या घड्याळांवर प्रत्यक्षात २०.४ सेकंद उलटले, आणि ती घड्याळे संथ असल्यामुळे फलाटावर त्याचे सव्वापट, म्हणजे २५.५ सेकंद झाले. तेवढ्या वेळात गाडी १५.३ प्रकाशसेकंद पुढे सरकली, गोळीने त्याशिवाय आखूड झालेली ७.२ ची लांबी ओलांडली, आणि एकूण अंतर २२.५ भरले. २२.५ ला २५.५ ने भागले की ०.८८२ येते, आणि बेरजेचा नियमही तेच सांगतो: १.२ भागिले १.३६. भाजकातला जो जादा भाग सुरुवातीला अनाहूत वाटतो, तो मुख्यतः चालकाच्या मागे पडलेल्या घड्याळातून आलेला आहे.

या बेरजेला एक सुंदर भौमितिक जोड आहे. बालाघाटाच्या डोंगरउतारावर अशी एक वाट कल्पावी की जी दोन मीटर आडवे गेल्यावर एक मीटर चढते, म्हणजे तिचा चढ निम्मा आहे. त्या वाटेवर उभ्या असलेल्या मालमोटारीच्या हौद्यात, हौद्याच्या तळाशी पुन्हा तेवढाच निम्मा चढ साधणारी फळी टेकवली, तर सपाट जमिनीच्या संदर्भात फळीचा चढ किती होईल? निम्मे आणि निम्मे मिळून १ हे उत्तर चुकीचे आहे. खरे उत्तर चार तृतीयांश आहे, कारण चढ मिळवले जात नाहीत, कोन मिळवले जातात, आणि कोनांवरून चढ काढताना बेरजेला ‘एक वजा चढांचा गुणाकार’ या संख्येने भागावे लागते. वेगांच्या नियमात तसाच भाजक आहे, फक्त वजाच्या जागी अधिक आहे. म्हणून तेथे निम्मे आणि निम्मे मिळून चार पंचमांश होतात. वेग हा अवकाश आणि काळ यांच्या संयुक्त नकाशावरचा चढ आहे, आणि त्या नकाशाच्या भूमितीत एका ठिकाणी अधिकाचे चिन्ह बदललेले आहे. हरमान मिंकोव्स्की या गणितज्ञाने सप्टेंबर १९०८ मध्ये कोलोन येथे दिलेल्या व्याख्यानात हाच नकाशा मांडला; त्याला अवकाश-काल असे म्हणतात.

त्या बदललेल्या चिन्हातून जी राशी हाती येते तिचे महत्त्व बेरजेच्या नियमाहूनही अधिक आहे. वरच्या उदाहरणात प्रवासी म्हणतात १५ सेकंद आणि ९ प्रकाशसेकंद. फलाट म्हणतो २५.५ सेकंद आणि २२.५ प्रकाशसेकंद. कोणत्याही आकड्यावर त्यांचे एकमत नाही. मात्र १५ च्या वर्गातून ९ चा वर्ग वजा केला तर १४४ उरतात, आणि २५.५ च्या वर्गातून, म्हणजे ६५०.२५ मधून, २२.५ चा वर्ग, म्हणजे ५०६.२५, वजा केला तरी १४४ च उरतात. १४४ चे वर्गमूळ १२. गोळीवर एखादे घड्याळ बसवलेले असते, तर त्याने गार्डपासून चालकापर्यंतच्या प्रवासाला १२ सेकंद दाखवले असते, आणि हा आकडा प्रवाशांना, फलाटावरच्याला व अन्य कोणत्याही निरीक्षकाला मान्य करावाच लागतो. प्रवास करणाऱ्या वस्तूने सोबत नेलेल्या घड्याळावरच्या या काळाला स्वकाल म्हणतात. काळाच्या वर्गातून अंतराचा वर्ग वजा करून वर्गमूळ काढणे, ही त्याची गणना. काटकोन त्रिकोणाच्या प्रमेयात जेथे अधिक असते तेथे इथे उणे आहे, इतकेच.

स्वकाल म्हणजे स्थानिक वेळ नव्हे, हा खुलासा इथे आवश्यक आहे, कारण भारतीय ज्योतिर्गणिताला स्थळागणिक वेळ बदलण्याची ओळख फार जुनी आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि बीड सुमारे पावणेशहात्तर अंशांवर येते. त्यामुळे बीडचा खरा मध्यान्ह प्रमाणवेळेच्या सरासरी २७ मिनिटे मागे असतो, आणि जिल्ह्याच्या पूर्वेकडील परळीला तो बीडच्या सुमारे तीन मिनिटे आधी होतो. पंचांगकर्ते देशांतर संस्कार करतात तो यासाठीच. परंतु त्या फरकात घटिका तीच राहते: बीडच्या चोवीस मिनिटांची घटिका आणि परळीची घटिका यांची लांबी समान असते, काटे कोठून मोजायला लागायचे एवढाच प्रश्न असतो. स्वकालाच्या फरकात घटिकाच वेगळी भरते.

तुलना करायचीच, तर ती मोटारीतल्या किलोमीटर दाखवणाऱ्या मीटरशी करावी. बीडहून परळीला वडवणी, तेलगाव, सिरसाळा या वाटेने जाता येते आणि मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई असा वळसा घेऊनही जाता येते. दोन्ही गाड्या एकाच ठिकाणाहून निघून एकाच ठिकाणी पोचल्या, तरी त्यांच्या मीटरवरचे आकडे वेगळे असतात, आणि त्यात कोणाचा मीटर बिघडला असे कोणी म्हणत नाही, कारण अंतर हे दोन गावांच्या जागेवरच नव्हे तर घेतलेल्या वाटेवरही अवलंबून असते. स्वकाल ही तशीच वाटेची मोजणी आहे. फक्त वाट अवकाश-कालातली आहे. चिन्हाच्या बदलामुळे इथे एक गोष्ट उलटी होते: रस्त्यावर सरळ वाट सर्वांत कमी भरते, तर अवकाश-कालात दोन घटनांमधली सरळ वाट, म्हणजे वेग न बदलता केलेली वाटचाल, सर्वांत जास्त स्वकालाची असते. दूर जाऊन परतलेला जुळा भाऊ घरी राहिलेल्या भावाहून तरुण का असतो, या बहुचर्चित प्रश्नाचे पूर्ण उत्तर एवढेच आहे: परतणाऱ्याला मध्ये दिशा बदलावी लागली, त्याची वाट सरळ राहिली नाही, आणि वळशाच्या वाटेवर स्वकाल कमी साठतो.

या विचाराची एक मोठी कसोटी जिच्यावर लागली ती कल्पना एका मुंबईकराच्या लेखणीतून आली, ही गोष्ट महाराष्ट्रात पुरेशी माहीत नाही. ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत जन्मलेले होमी भाभा तेव्हा केंब्रिजमध्ये विश्वकिरणांवर संशोधन करत होते. अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळले की कणांचा पाऊस पडतो. त्यांत इलेक्ट्रॉनहून सुमारे दोनशे पट जड असा एक कण नुकताच आढळला होता. १९३८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातील टिपणात भाभांनी असे मांडले की असा जड कण आपोआप विघटन पावत असेल, तर त्याच्याकडे एक घड्याळ म्हणून पाहता येईल आणि निव्वळ सापेक्षतेच्या आधारे म्हणता येईल की धावत असताना त्याला विघटनास अधिक वेळ लागेल. त्या कणाचे आयुष्य तेव्हा कोणी मोजलेलेही नव्हते. पुढे अणुऊर्जा कार्यक्रमाचे शिल्पकार आणि १९४५ मध्ये स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संस्थापक म्हणून भाभांचे नाव झाले. त्या कर्तृत्वाच्या तेजात हे छोटेसे वाक्य झाकोळले गेले, पण कण म्हणजेच घड्याळ हा विचार भौतिकशास्त्राच्या दृष्टीने फार मोलाचा आहे.

तो जड कण आज म्यूऑन या नावाने ओळखला जातो. स्थिर म्यूऑनचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद आहे. मायक्रोसेकंद म्हणजे एका सेकंदाचा दहालाखावा भाग. बहुतेक म्यूऑन जमिनीपासून सुमारे १५ किलोमीटर उंचीवर जन्मतात. प्रकाशाच्या ९९.९५ टक्के वेगाने येणाऱ्या म्यूऑनला बीडच्या जमिनीपर्यंत पोचायला जमिनीवरच्या घड्याळाने सुमारे ५० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे त्याच्या सरासरी आयुष्याच्या जवळजवळ तेवीस पट. काळ सर्वांना एकच असता, तर सुमारे आठशे कोटींतला एखादाच म्यूऑन खाली पोचला असता. आता स्वकाल काढावा. या वेगाला कालविस्ताराचा गुणक, म्हणजे धावते घड्याळ किती पटींनी संथ भासते तो आकडा, सुमारे ३१.६ आहे. ५० ला त्याने भागले की जेमतेम १.६ मायक्रोसेकंद उरतात आणि तेवढ्या काळात जवळजवळ निम्मे म्यूऑन शिल्लक राहतात. हवेतून येताना म्यूऑनची काही ऊर्जा खर्च होते व त्याचा वेग घटतो, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. परंतु आठशे कोटींत एक आणि दोनांत एक यांतला फरक अशा दुरुस्त्यांनी पुसला जाणारा नाही. प्रत्यक्षात जमिनीच्या दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक म्यूऑन पडतो, म्हणून आडव्या धरलेल्या तळहातातून सेकंदाला एकाहून अधिक म्यूऑन आरपार जातात. म्यूऑनच्या बाजूने पाहिले तर त्याचे आयुष्य लांबलेले नसते. त्याच्या दृष्टीने वर झेपावणाऱ्या वातावरणाची १५ किलोमीटरची जाडीच आखूड होऊन ४७५ मीटर भरते. कारण वेगळे दिसते, १.६ मायक्रोसेकंदांचा आकडा मात्र दोघांचा सारखाच.

ब्रुनो रोसी आणि डेव्हिड हॉल यांनी १९४१ मध्ये कोलोरॅडोच्या डोंगराळ भागात वेगवेगळ्या उंचींवर म्यूऑन मोजून हा परिणाम प्रथम पडताळला. १९६३ मध्ये डेव्हिड फ्रिश आणि जेम्स स्मिथ यांनी माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यावर, १,९०० मीटरहून अधिक उंचीवर, तासाला सुमारे ५६० म्यूऑन मोजले आणि समुद्रसपाटीला सुमारे ४१०. कालविस्तार नसता तर खाली तासाला पंचवीस-तीसच उरले असते. वळशाच्या वाटेचीही कसोटी झाली. सर्नमध्ये १४ मीटर व्यासाच्या चुंबकीय वर्तुळात म्यूऑन गरगर फिरवत ठेवले गेले, म्हणजे ते निघालेल्या ठिकाणी पुनःपुन्हा परतत होते, अगदी जुळ्या भावासारखे. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांचे सरासरी आयुष्य २.२ ऐवजी ६४.४ मायक्रोसेकंद भरले, आणि ते गणिताशी हजारात एक भाग इतक्या सूक्ष्मतेने जुळले.

हे सारे परिणाम कणांपुरतेच आहेत असे मानण्याचे कारण नाही. ऊस वाहून नेणाऱ्या मालमोटारीच्या चालकाला मोबाइलवर रस्ता दाखवणारी जीपीएस व्यवस्था ज्या उपग्रहांवर चालते, त्यांतली घड्याळे वेगामुळे दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, आणि उंचीवर गुरुत्वाकर्षण क्षीण असल्यामुळे सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. हा दुसरा परिणाम आइनस्टाइनच्याच १९१५ च्या व्यापक सापेक्षता सिद्धांताचा आहे. उरलेल्या ३८ मायक्रोसेकंदांत प्रकाश ११ किलोमीटरहून अधिक अंतर कापतो. म्हणून ती दुरुस्ती व्यवस्थेत आधीच अंतर्भूत केलेली असते.

बीडहून निघालेल्या गाडीतल्या प्रवाशाचा स्वकालही काढता येतो. गाडी ताशी ४० किलोमीटर सरासरीने चार तास चालली असे धरले, तर केवळ वेगामुळे प्रवाशाचे घड्याळ स्थानकावरच्या घड्याळाच्या मागे पडते ते असे: एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले तर त्यांतले सुमारे दहा. २०१० मध्ये अमेरिकेतील बोल्डर येथे ॲल्युमिनियमच्या एकेका आयनावर चालणाऱ्या घड्याळांनी सेकंदाला १० मीटरहूनही कमी, म्हणजे जवळजवळ या गाडीएवढ्याच वेगाने होणारा कालविस्तार मोजून दाखवला, आणि त्याच प्रयोगमालेत एक घड्याळ दुसऱ्यापेक्षा ३३ सेंटिमीटर उंच ठेवल्यावर ते जलद चालते हेही टिपले. या मापाने हिशेब केला तर बीडच्या गाडीत बसलेल्या प्रवाशाचा काळ ज्या प्रमाणात संथ होतो, नेमक्या त्याच प्रमाणात स्थानकाशेजारच्या दुमजली घराच्या गच्चीवरचा, जमिनीपासून सहा-सव्वासहा मीटर उंचीवरचा काळ जलद चालतो. आणि अहिल्यानगर बीडहून अधिक उंचीवर असल्यामुळे, चढत जाणाऱ्या त्या प्रवाशाचे घड्याळ प्रवासाअखेर बीडच्या फलाटावरच्या घड्याळापेक्षा मागे नव्हे तर किंचित पुढेच असते.